हवामानविषयक लोकोक्ती : भूमी, पंचांग आणि यमक

१

लोकसाहित्याच्या अभ्यासात म्हणींना मानाचे स्थान असले, तरी हवामानविषयक म्हणींच्या वाट्याला बव्हंशी उपेक्षाच आली आहे. नीतिपर म्हणींचा विचार समाजजीवनाच्या अंगाने झाला, सासर-माहेरच्या म्हणींचा विचार स्त्रीजीवनाच्या अंगाने झाला. पाऊसपाण्याच्या म्हणी मात्र साहित्याच्या अभ्यासकांनी शेतीशास्त्राकडे सोपविल्या आणि शेतीशास्त्रज्ञांनी त्या साहित्याकडे परत पाठविल्या. जेथे त्यांचा विचार झाला, तेथे तो दोन टोकांना जाऊन झाला. एका पक्षाने या म्हणींत पूर्वजांचे अचूक निसर्गज्ञान पाहिले आणि आधुनिक वेधशाळेला जे साधत नाही ते खेड्यातल्या वृद्धाला साधत होते, असा निष्कर्ष काढला. दुसऱ्या पक्षाने पर्जन्यमानाचे आकडे पुढे ठेवून म्हण किती वेळा चुकते हे मोजले आणि तिला भाबडेपणाच्या कोठडीत टाकले.

या दोन्ही पक्षांत वरवर विरोध दिसत असला, तरी त्यांचे एक गृहीत समान आहे. म्हण हे एक विधान आहे आणि त्या विधानाचा संपूर्ण अर्थ तिच्या शब्दांत सामावलेला आहे, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. निरनिराळ्या भाषांतील हवामानविषयक लोकोक्ती शेजारी शेजारी ठेवल्या, तर असे आढळते की ही उक्ती शब्दांत अर्धीच असते. तिचे उरलेले अर्धे अंग ज्या भूमीत, ज्या पंचांगाच्या आधाराने आणि ज्या पिकाच्या काळजीपोटी ती उच्चारली जाते, तेथे असते. ते अर्धे अंग वगळून तिची स्तुती करणे आणि ते वगळून तिची परीक्षा घेणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अन्यायाच्या ठरतात.

२

मराठीतील एका परिचित उदाहरणापासून आरंभ करता येईल. महाराष्ट्रात पावसाळ्याचे माप महिन्यांनी नव्हे, सूर्यनक्षत्रांनी घेतले जाते. सूर्य मृग नक्षत्रात साधारणतः ७ किंवा ८ जूनला प्रवेश करतो आणि तेथून आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती असे सुमारे तेरा-चौदा दिवसांचे एकेक नक्षत्र ऑक्टोबरअखेरपर्यंत आणि त्यापुढेही चालत राहते. बोलीत ही नक्षत्रे पावसाचा केवळ काळ सांगत नाहीत. तीच पाऊस होतात. ‘मघा बरसल्या’, ‘हत्ती पडला’ असे म्हटले जाते तेव्हा वाक्याचा कर्ता नक्षत्रच असते. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा, अशी नावे रूढ आहेत. आकाशातला पाऊस घरातल्या नात्यांच्या आणि वयांच्या भाषेत उतरला आहे, एवढे या नावांवरून स्पष्ट होते.

या नक्षत्रांपैकी उत्तरांविषयी एक म्हण आहे : ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.’ उत्तरांचा पाऊस झाला तर भात इतका पिकेल की कुत्रेही त्याला तोंड लावणार नाही. या म्हणीची एक जोडही आहे : उत्तरा न पडल्या तर भात पितरांनादेखील मिळणार नाही. आता हीच शब्दकळा चित्रा नक्षत्रालाही लावलेली आढळते : ‘पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा.’ येथे अर्थ नेमका उलटा आहे. चित्रांचा पाऊस झाला तर भात असा नासेल की कुत्रेही त्याला शिवणार नाही.

शब्द तेच, कुत्रे तेच, भात तोच. आणि अर्थ एकदा समृद्धीचा व एकदा नाशाचा. हा फरक म्हणीतील कोणत्याही शब्दाने सांगितलेला नाही. तो सांगते ते शेत. उत्तरा सप्टेंबरच्या उत्तरार्धात येतात. त्या वेळी भात पोटरीत किंवा फुलोऱ्यात असतो आणि त्याला पाणी हवे असते. चित्रा लागतात त्या १० ऑक्टोबरच्या सुमारास. त्या वेळी पीक कापणीला आलेले असते आणि पाणी म्हणजे कुजणे. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्यासाठी म्हणीत संदिग्धता नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला दोन्ही म्हणी एकाच पानावर छापून दिल्या, तर त्याला त्यांत विसंगती तरी दिसेल किंवा पाठभेद तरी.

म्हणीच्या दोन चरणांची कामे येथे वेगवेगळी आहेत, हेही लक्षात घ्यावयास हवे. पहिला चरण अट सांगतो : अमुक नक्षत्रात पाऊस पडला अथवा न पडला तर. ही अट मनाला येईल तशी बदलता येत नाही, कारण ती पिकाच्या वाढीशी जखडलेली आहे. दुसरा चरण परिणाम सांगतो आणि तेथे भाषा मोकळी सुटते. उत्तरा आणि चित्रा या दोघींनाही ‘कुत्रा’ यमकासाठी सापडतो, हस्ताच्या ‘हत्ती’ला कोसळणाऱ्या ‘भिंती’ सापडतात, स्वातीला ‘मोती’ सापडतात. अट शेताची आणि परिणाम भाषेचा, अशी ही वाटणी आहे. परिणामाच्या चरणातील अतिशयोक्ती हे अज्ञानाचे लक्षण मानणे म्हणूनच चुकीचे ठरते. भिंती खरोखर किती कोसळल्या, हा प्रश्न म्हणीला विचारावयाचा नसतो. हस्ताचा पाऊस धुवाधार असतो आणि त्यापूर्वी घर सावरून घ्यावे, एवढे ध्यानात राहील अशी प्रतिमा तिला हवी असते. यमक स्मरणाची सोय करते, आणि प्रतिमा भयाची किंवा आशेची तीव्रता सांभाळते.

३

मराठीच्या सीमेबाहेर पाहिले की या विवेचनाला एकीकडे पुष्टी मिळते आणि दुसरीकडे ते अधिक नेमके करण्याची गरज भासते. भात न खाणारे कुत्रे हे केवळ मराठी यमकातून जन्मले असे म्हणता येत नाही. अवधी-भोजपुरी प्रदेशात घाघाच्या नावावर प्रचलित असलेल्या एका दोह्यात तेच कुत्रे भेटते. रोहिणी बरसली, मृग तापले आणि आर्द्रांत थोडाबहुत पाऊस झाला, तर कुत्राही भात खाणार नाही, असे घाघ आपल्या पत्नीला सांगतो. तेथे यमक कुत्र्याच्या नावावर नसून क्रियापदांवर आहे. म्हणजे ही प्रतिमा भाताच्या मुलखांतून हिंडणारी आहे. मराठीत आल्यावर तिला उत्तरा आणि चित्रा या नावांशी नैसर्गिक प्रास मिळाला आणि ती तेथे रुजली.

याहून महत्त्वाची गोष्ट अटीच्या चरणात आहे. घाघाला मृग तापलेले हवे आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला मृग तापणे ही संकटाची चाहूल वाटते, कारण त्याची पेरणी मृगाच्या पावसावर अवलंबून असते. नक्षत्र एकच, सूर्य एकच आणि अपेक्षा परस्परविरुद्ध. कारण उघड आहे : मोसमी पाऊस कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचतो, तर गंगेच्या मध्य खोऱ्यात तो साधारण आर्द्रा लागण्याच्या सुमारास येतो. रोहिणीचेही तसेच आहे. उत्तर कर्नाटकात रोहिणीचा पाऊस आला तर गल्लीबोळांत जोंधळाच जोंधळा होईल, असे कन्नड म्हण सांगते. ‘रोहिणी’ आणि गल्लीसाठी असलेला ‘ओणि’ हा शब्द यांचा तीत प्रास जुळविलेला आहे. राजस्थान-माळव्याकडे मात्र रोहिणीचे पहिले नऊ दिवस, म्हणजे ‘नवतपा’, जितके तापतील तितका पुढचा पाऊस चांगला, अशी धारणा आहे. या तिन्ही उक्तींना एकत्र करून ‘भारतीय पर्जन्यज्ञान’ असे एकसंध नाव दिले, तर त्या एकमेकींना खोट्या ठरवितात. त्या आपापल्या ठिकाणी ठेवल्या, तर तिन्हींना अर्थ राहतो.

तमिळमध्ये वाक्याचा घाटच बदलतो. आडि महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पेरणीचा योग्य काळ शोधून पेर, असे तेथील सुप्रसिद्ध वचन सांगते. येथे ‘जर-तर’ नाही, आज्ञा आहे. प्रासही शेवटी नसून आरंभी आहे : ‘आडि’ आणि ‘तेडि’ या शब्दांतील दुसरे अक्षर जुळते, आणि तमिळ छंदशास्त्रात ‘एदुगै’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रास काव्याप्रमाणेच म्हणीतही उतरला आहे. तमिळ भूमीच्या मोठ्या भागाला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. मृगाची वाट पाहणारी मराठी म्हण तेथे नेऊन काही उपयोग नाही, आणि आडिचे वचन विदर्भात आणूनही नाही.

भूमीशी असलेले हे नाते लोकमानसाला स्वतःलाही ठाऊक होते, याची साक्ष केरळातील एक आख्यायिका देते. केरळात नक्षत्रकाळाला ‘ञाट्टुवेला’ म्हणतात आणि तिरुवातिरा, म्हणजे आर्द्रा, ही मिरीच्या वेलीसाठी सर्वांत अनुकूल मानली जाते. पोर्तुगीजांनी मिरीच्या वेली आपल्या देशी नेण्याची परवानगी मागितली, तेव्हा सामुतिरीच्या दरबारी चिंता पसरली. त्या वेळी ते वेली नेतील, पण आपली तिरुवातिरा ञाट्टुवेला कशी नेतील, असे उत्तर मिळाले, अशी ही कथा आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे गौण आहे. वनस्पती वाहून नेता येते, काळ वाहून नेता येत नाही, ही जाण तीत आहे. आणि हवामानविषयक म्हणींच्या भाषांतराविषयी याहून मार्मिक भाष्य सापडणे कठीण.

४

युरोपातील लोकोक्ती पाहिल्या, तर नक्षत्रांची जागा संतांच्या दिवसांनी घेतलेली दिसते. इंग्लंडमध्ये १५ जुलै हा विंचेस्टरचा बिशप संत स्विदिन याचा दिवस. त्या दिवशी पाऊस पडला तर तो चाळीस दिवस पडत राहील, असे म्हटले जाते. फ्रान्समध्ये हेच ८ जूनच्या संत मेदारविषयी म्हटले जाते आणि तेथेही दिवस चाळीसच. मात्र फ्रेंच म्हणीने एक पळवाट ठेवली आहे : तीन दिवसांनी येणाऱ्या संत बार्नाबेला हवे असेल तर तो मेदारचा डाव उधळून लावू शकतो. जर्मन भाषिक प्रदेशांत २७ जूनला सात निद्रिस्तांचा दिवस येतो. एफेसस येथील गुहेत शतकानुशतके झोपून राहिलेल्या सात तरुणांच्या कथेवरून त्याला हे नाव मिळाले. त्या दिवशीचे हवामान पुढे किती काळ टिकते? सात आठवडे.

परिणामाचा चरण भाषा आणि संस्कृती ठरवितात, हे येथे फार स्पष्टपणे दिसते. सात आठवड्यांतील ‘सात’ हा आकडा कोणत्याही मोजणीतून आलेला नसून दिवसाच्या नावातून आलेला आहे. चाळीस दिवसांच्या मागे बायबलमधील जलप्रलयाची चाळीस दिवस-रात्रींची स्मृती असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही. मराठीत जे काम यमक करते ते तेथे धर्मकथेतील अंक करतो. परंतु अटीचा चरण तेथेही पोकळ नाही. पश्चिम आणि मध्य युरोपवरील उच्चस्तरीय वायुप्रवाहाची बैठक जुलैच्या आरंभी एकदा जमली की ती बहुधा काही आठवडे टिकून राहते, असे हवामानशास्त्र सांगते. एका विशिष्ट दिवसाला महत्त्व नाही. त्या सुमारास ऋतू आपले वळण ठरवितो, या निरीक्षणाला महत्त्व आहे. संताचा दिवस ही त्या निरीक्षणाला अडकविण्यासाठी सापडलेली खुंटी होय.

भूमी बदलली की म्हण कशी निरर्थक होते, याचे प्रसिद्ध उदाहरण तांबड्या आकाशाचे आहे. संध्याकाळी आकाश तांबडे असेल तर दुसरा दिवस निरभ्र, सकाळी तांबडे असेल तर वादळ, ही समजूत भूमध्यसागराच्या परिसरात फार जुनी आहे; मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू तिचा उल्लेख श्रोत्यांना आधीच माहीत असलेली गोष्ट म्हणून करतो. पुढे इंग्लंडच्या खलाशांनी आणि मेंढपाळांनी तिला आपापले रूप दिले. मध्य अक्षांशांत हवामानाच्या प्रणाली बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. म्हणून मावळतीची तांबडी, कोरडी हवा हीच उद्या डोक्यावर येणारी हवा असते. भारतात पावसाळ्यात जे कमी दाबाचे पट्टे मध्य भारताला पाऊस देतात, ते बंगालच्या उपसागरात जन्मून पश्चिम-वायव्येकडे येतात. त्यामुळे मावळतीच्या लालीवर भरवसा ठेवणाऱ्याची येथे फसगत होण्याचा संभव आहे. इंग्रजी शिक्षणाबरोबर ही म्हण भारतीय भाषांत पाठ्यपुस्तकी ज्ञान म्हणून आली असती आणि कोणी तिच्याआधारे शेत राखले असते, तर दोष म्हणीचा नसून तिला उपटून आणणाऱ्याचा ठरला असता.

स्थलांतरित म्हण जगते ती दोन मार्गांनी. एक मार्ग जपानने स्वीकारला. चिनी परंपरेतील चोवीस सौरपर्वे आणि त्यांचे बहात्तर उपविभाग पीत नदीच्या खोऱ्यातील ऋतुमानावर बेतलेले होते. जपानने ते पंचांगासह स्वीकारले, पण तेथील फुले आणि पाखरे त्या वेळापत्रकाप्रमाणे वागत नव्हती. १६८५ मध्ये अमलात आलेल्या नव्या जपानी पंचांगाचा कर्ता शिबुकावा शुन्काई याने हे बहात्तर विभाग जपानच्या निसर्गाला अनुसरून नव्याने लिहिले. हे जाणीवपूर्वक केलेले, भूमीशी प्रामाणिक असे भाषांतर होते. दुसरा मार्ग अमेरिकेत गेलेल्या जर्मन वसाहतकऱ्यांचा. २ फेब्रुवारीला बिज्जू बिळाबाहेर आला आणि त्याला आपली सावली दिसली तर थंडी लांबणार, ही समजूत त्यांनी पेनसिल्व्हेनियात नेली. तेथे त्यांनी बिज्जूच्या जागी स्थानिक ग्राउंडहॉग बसविला आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवले. १८८७ पासून पंक्सटॉनी या गावी त्याचा उत्सव होतो आणि आज तेथे लोक जमतात ते अंदाजासाठी नसून समारंभासाठी. म्हणीचे शेत हरवले आणि ती जत्रा झाली.

५

भूमीप्रमाणेच पंचांगही हलते. १५८२ मध्ये कॅथलिक युरोपात ग्रेगोरियन सुधारणा झाली आणि दहा दिवस वगळण्यात आले. ब्रिटनने ती १७५२ मध्ये स्वीकारली, तेव्हा अकरा दिवस गळले आणि २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. संतांचे दिवस नव्या पंचांगात त्याच तारखांना राहिले, पण त्या तारखांखालचा ऋतू सरकला. जर्मनांचा २७ जून हा जुन्या गणनेने आजच्या ७ जुलैच्या आसपास येतो, आणि वायुप्रवाह स्थिरावण्याचा काळ खरोखर त्या सुमारासच आहे. म्हण चुकली नव्हती. तिच्या पायाखालची तारीख ओढून घेण्यात आली होती.

भारतीय नक्षत्रांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक संथपणे घडत आली आहे. सूर्यनक्षत्रे निरयन गणनेने मोजली जातात आणि संपातचलनामुळे ऋतुचक्राच्या संदर्भात ती सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे जातात. वराहमिहिराचा काळ सहाव्या शतकाचा. त्या वेळचे मृग आजच्या मृगाहून सुमारे वीस दिवस आधी, भर उन्हाळ्यात येत असले पाहिजे. त्या मृगावर कोकणातला शेतकरी पेरणी करू शकला नसता. यावरून एक निष्कर्ष अटळ दिसतो. मृगाचा पाऊस आणि पेरणी यांची सांगड घालणाऱ्या आजच्या म्हणी, ज्या रूपात त्या आढळतात त्या रूपात, अतिप्राचीन असू शकत नाहीत. किंवा असल्या तर पिढ्यापिढ्यांनी त्यांतील नक्षत्रे निमूटपणे बदलून घेतली असली पाहिजेत. म्हणजेच ज्या परंपरेला स्थिर समजून तिची पूजा केली जाते, ती परंपरा टिकली ती दुरुस्त होत राहिल्यामुळे. सनातनत्वाचा दावा करणाऱ्यांनी लोकांच्या या शहाणपणाची दखल घेतलेली नाही.

शास्त्रग्रंथ आणि लोकोक्ती यांतील भेदही येथेच स्पष्ट होतो. कौटिलीय अर्थशास्त्रात पाऊस मोजण्यासाठी कोष्ठागारात ठराविक तोंडाचे कुंड ठेवण्याची सूचना आहे, प्रदेशपरत्वे पर्जन्याची मापे दिली आहेत आणि अपरान्तातील, म्हणजे कोकणपट्टीतील, पाऊस मोजमापापलीकडचा म्हटला आहे. बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेचा विचार असून गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी त्याची वृष्टी होते, असे गणित मांडले आहे. राज्याला कराचा अंदाज हवा होता, म्हणून ग्रंथाने नियम केला. शेतकऱ्याला बी टाकावे की थांबावे हे ठरवायचे होते, म्हणून त्याने अट बोलून दाखविली. नियम लिहिला गेला आणि गोठला; अट बोलली गेली आणि बदलत राहिली.

६

ही अट बोलतो कोण, हा प्रश्न उरतो. म्हणीला कर्ता नसतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु हवामानाच्या उक्तींनी भारतात बहुतेक सर्वत्र स्वतःसाठी एक बोलणारा किंवा बोलणारी शोधली आहे. आसामात डाक, बंगाल-ओडिशात खना, अवधी-भोजपुरी मुलखात घाघ आणि भड्डरी, राजस्थान-गुजरातेत भडळी, महाराष्ट्रात सहदेव-भाडळी. यांतील कोणाचेही चरित्र इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. भडळी तर प्रदेशागणिक रूप बदलते : कोठे ती स्त्री आहे, कोठे पुरुष, कोठे बोलणारी, कोठे केवळ ऐकणारी. रामनरेश त्रिपाठी यांनी घाघ आणि भड्डरी यांच्या उक्तींचा जो संग्रह केला, त्याच्या शीर्षकातही ही दोन नावे जोडीनेच येतात. या वचनांत एकाने दुसऱ्याला हाक मारून सांगण्याची रीत आहे. ही रीत केवळ पादपूरणासाठी नाही. हवामानाची म्हण हे जाहीर भाकीत नसून घरातल्या दोघांनी बियाण्याकडे पाहत केलेला विचार आहे, हे ती सुचविते.

या सर्वांत खनेची कथा अंतर्मुख करणारी आहे. ऐतिहासिक वराहमिहिर एकच. पण बंगाली दंतकथेने त्याचे दोन केले, वराह हा सासरा आणि मिहिर हा पती. सून असलेल्या खनेचे ज्ञान सासऱ्याच्या ज्ञानाहून श्रेष्ठ ठरले आणि परिणामी तिची जीभ कापली गेली, असे ही कथा सांगते. ती कोणी कापली याविषयी पाठभेद आहेत. खनेच्या नावावरील एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा : अग्रहायणात पाऊस पडला तर राजावर भीक मागण्याची पाळी येते, आणि माघाच्या अखेरीस पडला तर राजा आणि त्याचा देश धन्य होतो. अग्रहायणात बंगालचे मुख्य भातपीक कापणीला आलेले असते. म्हणजे चित्रांविषयीच्या मराठी म्हणीत जो आशय कुत्र्याच्या मुखाने येतो, तोच येथे राजाच्या झोळीने येतो. अट दोन्हीकडे तीच, पक्व पिकावरचा पाऊस. तिचा महिना मात्र कापणीच्या काळाप्रमाणे बदललेला आहे.

शास्त्राने मान्यता न दिलेले ज्ञान एका मूक केलेल्या स्त्रीच्या तोंडी घालणे, ही लोकमानसाची कृती अर्थपूर्ण आहे. आपले ज्ञान दरबारात ऐकले जात नाही, हे त्या समाजाला ठाऊक होते. तरीही जीभ कापल्यावर वचने उरली, आणि ती आजही खनेच्याच नावाने ओळखली जातात.

७

आजच्या काळात या लोकोक्तींपुढे उभा राहिलेला प्रश्न पूर्वीच्या सर्व प्रश्नांहून वेगळा आहे. संपातचलनाने बहात्तर वर्षांत एक दिवस सरकणारे नक्षत्र पिढ्यांना सांभाळता आले; एका आयुष्यात सरकणारा ऋतू सांभाळणे कठीण जाते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये अलीकडच्या दशकांतील नोंदींच्या आधारे मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने निश्चित केल्या. त्यांत मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर पावसाचा निरोप हस्ताच्या आरंभावरून हस्ताच्या अखेरीकडे, चित्रांच्या उंबरठ्यावर आला. ‘भात खाईना कुत्रा’ या चरणाचा सुखाचा अर्थ मागे पडून दुःखाचा अर्थ पुढे येण्याचा हा संभव आहे. दुसऱ्या बाजूने, लवकर तयार होणाऱ्या संकरित वाणांनी पिकाचेही वेळापत्रक बदलले आहे. पाऊस उशिरा जातो आणि पीक लवकर येते. अशा वेळी जुन्या म्हणीतील अट कोणत्या शेताला लागू करावी, हे अनुभवी शेतकऱ्यालाही उमगेनासे होते.

यातून म्हणी निकालात निघाल्या असे म्हणणे घाईचे होईल. पूर्वी त्या दुरुस्त होत राहिल्या. आता दुरुस्त करणारी पिढी ती भाषा बोलते काय, हा खरा प्रश्न आहे. नक्षत्रांची नावे ज्या पिढीच्या तोंडी नाहीत, ती म्हण दुरुस्त करू शकत नाही, फार तर ती जतन करू शकते. आणि जतन करण्याची आजवरची पद्धत म्हणीला तिच्या शेतापासून तोडणारी आहे. रिचर्ड इन्वर्ड्स यांचा हवामानविषयक इंग्रजी उक्तींचा संग्रह १८६९ मध्ये निघाला. आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. या संग्राहकांचे ऋण मोठे आहे. तथापि विषयवार मांडणी करताना म्हण कोणत्या गावी, कोणत्या पिकाच्या संदर्भात, कोणाच्या तोंडून ऐकली, हे बहुधा गळून जाते. पुढील संकलकांनी या मांडणीचेच अनुकरण केले. आणि शालेय पुस्तकांतून तर ‘रिकाम्या जागा भरा’ एवढ्यापुरतीच म्हण उरली.

म्हणून हवामानविषयक लोकोक्तींचे संपादन हे केवळ शब्दांचे संपादन असू नये. प्रत्येक उक्तीबरोबर तिचा प्रदेश, तिचे नक्षत्र किंवा तिथी, त्या काळातील पिकाची अवस्था आणि शक्य तेथे बोलणाऱ्याचा व्यवसाय नोंदविला, तर ती उक्ती पुन्हा पूर्ण होते. भाषांतरकारानेही यमक साधण्याच्या मोहापूर्वी अट नीट उतरली आहे की नाही, हे पाहावयास हवे. कारण यमक नव्या भाषेत नवे सापडते, पण अट चुकली की उरते ती केवळ गंमत. भिन्न भाषांतील म्हणी एकसारख्या दिसतात म्हणून त्यांना एकाच मानवी शहाणपणाचे आविष्कार म्हणणे सोपे आहे. त्या जेथे एकमेकींशी सहमत होत नाहीत, तेथेच त्यांचे खरे ज्ञान असते. मृगाने घाघाकडे तापावे आणि कोकणात बरसावे, या मतभेदात दोन मुलखांचे शेकडो पावसाळे साठविलेले आहेत.

हवामानाची म्हण भविष्य सांगते असे दिसते. वस्तुतः ती वाट पाहते. ‘पडतील तर’ आणि ‘न पडतील तर’ या दोन्ही शक्यता समोर ठेवून, बियाणे हाताशी घेऊन बसलेल्या माणसाचे ते वाक्य आहे. वेधशाळेचा अंदाज अधिक अचूक झाला, तरी त्या वाक्यातील ‘तर’ नाहीसा होत नाही. जोवर कोणा एका घराचे वर्ष एका पंधरवड्याच्या पावसावर अवलंबून आहे, तोवर ‘तर’ने जोडलेले ते वाक्य कोणत्या ना कोणत्या भाषेत बोलले जाईल. ते ऐकून घेणे आणि कोठे ऐकले याची नोंद ठेवणे, एवढे काम अभ्यासकाकडे आहे.